‘मला नाही येणार’ हे पालुपद कसं सोडवायचं? (वय वर्षं सहा)

चिमणीची_आई

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझी मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. घरी चिऊ म्हणतो. बोलायला चुरचुरीत, गोष्टी रंगवून सांगते, स्वयंपाकघरात लुडबुडते. पण नवीन काही समोर आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "मला नाही येणार." काय करायचंय ते पूर्ण ऐकायच्या आधीच. मागच्या आठवड्यात सूर्य काढत होती. गोल नीट जमला नाही म्हणून कागद चुरगळला, दुसरा घेतला, तोही चुरगळला आणि खडूची पेटी पलंगाखाली ढकलून दिली. मामेभावानं नवी सायकल आणली तर ती दाराच्या मागे. शाळेत बाई म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण पुढे येत नाही."

मी हिंजवडीला नोकरी करते, घर पुण्यात आनंदनगरला, सिंहगड रोड. सकाळी सात दहाला हिची व्हॅन, त्यानंतर माझी बस. नवरा म्हणतो, वयाप्रमाणे होईल. सासूबाई म्हणतात, तिचा बाबा असाच होता, आता बघ कसा आहे. दोघांचं म्हणणं पटतं आणि तरी रात्री झोप लागत नाही. मला तिला पहिला नंबर वगैरे काढायला लावायचं नाहीये. नुसतं "बघू तरी काय आहे" एवढं तिच्या तोंडून ऐकायचंय. कोणाच्या मुलांचं असं होतं का? तुम्ही काय केलंत?

टेकडीवाला

रविवारी सकाळी पर्वती. पायऱ्या १०३. तिला मोजायला सांगा, तुम्ही मोजू नका.

स्वाती_नक्षत्र

चिमणीची_आई, अगदी अगदी. माझा मुलगा आता आठ वर्षांचा आहे. साडेपाचचा असताना स्केटिंगला घातला, कारण सोसायटीतली सगळी मुलं जात होती. मंगळवार आणि शुक्रवार क्लास असायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ह्याचं पोट दुखायचं. मी आणि नवरा नेटानं नेत राहिलो, "सवय होईल" म्हणत. अडीच महिन्यांनी एका शुक्रवारी त्यानं बूट घालताना मला विचारलं, "आई, मला नाही आलं तर तू मला आवडून घेशील ना?" मी तिथेच खाली बसले. त्या दिवसापासून क्लास बंद.

दीड वर्ष स्केट्स माळ्यावर होते. यंदा गणपतीचं सामान काढताना त्यानं स्वतः खाली काढले आणि म्हणाला, पार्किंगमध्ये घालून बघतो. आता रोज घालतो. मी खाली जात नाही, गॅलरीतूनही बघत नाही. त्यानंच सांगितलंय तसं.

बाजीराव_रोड

आमच्या वेळी मुलांना कोणी विचारत नव्हतं. मी सातारा जिल्ह्यातला. मे महिन्यात काका विहिरीवर न्यायचे, पाठीला पांगाऱ्याची लाकडं बांधायचे आणि द्यायचे फेकून. आठ दिवसांत पोहायला यायचं. आज वय ७३, अजून टिळक तलावात पोहतो. मुलांना फार जपलं की ती घाबरट होतात, असं माझं स्पष्ट मत आहे. चिऊच्या आईनं राग मानू नये.

ओवी_अभंग

बाजीराव_रोड काका, तुमच्या वयाचा आणि पोहण्याचा आदर ठेवून सांगते. मलाही असंच फेकलं होतं, तुमच्याच जिल्ह्यात. मी आज ४१ वर्षांची आहे आणि अजून आंघोळीच्या वेळी डोक्यावरून पाणी घेताना श्वास अडकतो. ज्यांना फेकल्यावर आलं ते अभिमानानं सांगतात. ज्यांना नाही आलं ती मुलं गप्प राहिली, म्हणून त्यांची गोष्ट कोणाला ऐकू येत नाही.

हडपसरचा_बाबा

ओवी, +१.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. मुलगी पाच वर्षांची होती तेव्हा बायकोच्या हाताचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने पोळ्या माझ्याकडे आल्या. मला येत नव्हत्या. रोज संध्याकाळी मी ओट्याशी आणि मुलगी स्टुलावर. पोळी फाटायची, मी परत गोळा करून लाटायचो. कधी कणीक सैल, कधी तवा जास्त तापलेला. ती हे सगळं बघत होती. आम्ही तिला एक शब्द शिकवला नाही. तिसऱ्या आठवड्यात तिचं चित्र बिघडलं तर कागद माझ्यासमोर धरून म्हणाली, "बाबा, हे फाटलं. परत लाटते."

हे वाक्य आमच्या घरात आजही चालतं. गणित चुकलं की "परत लाट."

मुलांना आपण फक्त जमलेल्या गोष्टी करताना दिसतो. गाडी चालवणं, लॅपटॉप, स्वयंपाक, सगळं येतंच आपल्याला. मोठ्या माणसालाही आधी येत नसतं, हे त्यांनी कुठे बघायचं?

बालवाडीताई

मी २२ वर्षं कर्वेनगर भागात बालवाडी चालवतेय. चिमणीची_आई, तुमच्या लिहिण्यात एक शब्द मला टोचला. बाई म्हणाल्या, "हुशार आहे." घरीही म्हणत असणार. आपण सगळेच म्हणतो, मीही पहिली बारा-तेरा वर्षं उठता-बसता म्हणत होते.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी १९९८ साली अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना आधी सोपी कोडी दिली. काहींना म्हटलं, "तू हुशार आहेस", काहींना म्हटलं, "तू मेहनत घेतलीस." नंतर पुढचं कोडं निवडायला सांगितलं, तर हुशार म्हटलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी सोपं मागितलं. मेहनतीचं कौतुक झालेल्या बहुतेकांनी, ज्यातून शिकायला मिळेल ते मागितलं. मधे मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळेच अडले. त्यानंतर पुन्हा सोपी दिल्यावर हुशार म्हटलेल्यांचे गुण पहिल्यापेक्षा खाली आले. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट ही, की आपले गुण दुसऱ्या मुलांना लिहून कळवायला सांगितले तेव्हा हुशार म्हटलेल्यांमधली कितीतरी मुलं खोटं लिहून गेली. दहा-अकरा वर्षांची पोरं. हुशार हे नाव एकदा चिकटलं की ते सांभाळायचं ओझं येतं, आणि सांभाळायचा सोपा मार्ग म्हणजे नवीन कशाला हात न लावणं.

मग म्हणायचं काय? जे दिसतंय ते म्हणा. "हा गोल तू तीनदा काढलास. तिसऱ्या वेळी दोन्ही टोकं जुळली." बस. "वा, किती सुंदर" म्हटलं की मूल तुमच्या तोंडाकडे बघतं, आणि असं सांगितलं की ते आपल्या गोलाकडे बघतं.

दुसरं, कागद चुरगळण्याबद्दल. सहा-सात वर्षांच्या आसपास मुलांची नजर हाताच्या पुढे जाते. चार वर्षांच्या मुलाला आपला वाकडा गोलही सूर्य दिसतो. सहा वर्षांच्या मुलीला कळतं की पुस्तकातला सूर्य असा नाही. तिची नजर वाढलीय, हात मागे आहे. त्या चुरगळलेल्या कागदाकडे तसं बघा. आणि कागद बाजूला ठेवून तिला पाटी द्या. साधी दगडी पाटी, लाकडी चौकटीची, तुळशीबागेजवळ मिळते. पाटीवर चूक ओल्या फडक्यानं जाते, मागे काही उरत नाही. कागदावरची चूक मुलांना कायमची वाटते.

निवांत_औंध

मला थोडं वेगळं म्हणायचंय. मुलीला सगळ्याचा उत्साह असलाच पाहिजे का? आमच्या बिल्डिंगमध्ये सात वर्षांच्या एका मुलाला अबॅकस, रोबोटिक्स, बुद्धिबळ, कीबोर्ड आणि फुटबॉल आहे. तो लिफ्टमध्ये उभ्या उभ्या पेंगतो. "नको" हेही मत असू शकतं. आपल्याला ऑफिसच्या पार्टीला जायचं नसतं तेव्हा कोणी म्हणत नाही की हिच्यात उत्साह कमी आहे.

चिमणीची_आई

निवांत_औंध, तुमचं म्हणणं मनापासून मान्य आहे. तिला एकही क्लास लावलेला नाही. पण एक सांगते. आमच्या सोसायटीत लहान मुलांचा तलाव आहे. ती कपडे बदलत नाही, जवळ जात नाही, पण कठड्याला धरून अर्धा तास उभी राहते आणि पाण्यात उड्या मारणाऱ्या मुलांकडे बघते. घरी येऊन बाहुल्यांना बादलीत पोहायला शिकवते. तिला नको असतं तर मी सोडलं असतं. तिला हवंय आणि ती जात नाही, हे मला बघवत नाही.

निवांत_औंध

हे तुम्ही आधी लिहायला हवं होतं. माझा आक्षेप मागे. पाठ फिरवून म्हटलेलं "नको" वेगळं आणि डोळे तिथेच ठेवून म्हटलेलं "नको" वेगळं.

आकडेमोड

बालवाडीताईंनी दिलेला प्रयोग बरोबर आहे, पण त्याच्या जोरावर घरोघरी जी वाक्यं बदलायची मोहीम चाललीय तिच्याबद्दल सावध राहा. या विषयावरच्या कितीतरी अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१८ साली झालं आणि परिणाम सरासरीनं फार थोडा निघाला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १२,००० नववीच्या मुलांवरचा मोठा प्रयोग आला. तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन पाठ होता, बुद्धी प्रयत्नानं वाढते हे सांगणारा. मागे पडलेल्या मुलांच्या गुणांत थोडी सुधारणा दिसली, पण थोडीच.

म्हणजे खोटं नाही, पण नुसत्या वाक्यानं मूल बदलत नाही. "मेहनत घेतलीस" हेही रोज दहा वेळा म्हटलं की मुलांना त्याचा पोकळपणा कळतो.

बालवाडीताई

आकडेमोड, अगदी योग्य. वाक्य हा मंत्र नव्हे, माझ्या लिहिण्यात तसं वाटलं असेल तर दुरुस्त करते.

स्वभावही असतो. न्यूयॉर्कमध्ये टॉमस आणि चेस या दोघांनी १९५६ पासून मुलांना तान्हेपणापासून मोठं होईपर्यंत पाहिलं. त्यांना साधारण १५ टक्के मुलं अशी आढळली की नव्या माणसापासून, नव्या गोष्टीपासून आधी मागे सरतात आणि सावकाश रुळतात. वेळ दिला तर रुळतात, ढकललं तर आणखी मागे जातात. आमच्या बालवाडीत अशी मुलं पहिले पंधरा दिवस दाराच्या चौकटीला धरून उभी असतात. मी त्यांना आत बोलवत नाही. चौकटीजवळ रांगोळीचा डबा ठेवते. त्यांचा हात डब्यात जातोच.

बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये काम सुरू केलं तेव्हा आजूबाजूच्या वस्त्यांवरची मुलं शाळेत येईनात. बाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. मला रोज आधार वाटतो त्याचा. मूल जिथे उभं आहे तिथे आपण जायचं.

बाजीराव_रोड

ओवीताईंचा प्रतिसाद परवापासून मनात घोळतोय. काल धाकट्या भावाला गावी फोन केला. त्याला विचारलं, तुला पोहायला का नाही आलं? तो म्हणाला, "दादा, मला फेकलं त्या दिवशी काका पाण्यात नव्हते."

मग मला सगळं आठवलं. माझ्या वेळी काका खाली विहिरीत होते. त्याआधी चार दिवस मी शेवटच्या पायरीवर बसून नुसते पाय हलवले होते. मग पाठीला लाकडं. पांगाऱ्याचे वाळलेले तुकडे दोरीत ओवलेले असत, वजनाला हलके. मला पहिल्यांदा सात तुकडे बांधले होते. दर चार-पाच दिवसांनी काका एक काढून टाकायचे, मला सांगायचेही नाहीत. शेवटी दोन उरले तेव्हा मीच म्हटलं, आता सोडा.

"फेकून दिलं" हे आम्ही नंतर सांगायला लागलो. सांगताना तेच बरं वाटतं. खरं तसं नव्हतं. ओवीताई, तुमचं बरोबर होतं.

ओवी_अभंग

काका, डोळ्यांत पाणी आलं वाचताना. भावाला माझा नमस्कार सांगा.

आकडेमोड

काका, तुमच्या काकांनी जे केलं त्याला शिक्षणशास्त्रात नाव आहे. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ च्या लेखात इमारतीच्या परांचीची उपमा वापरली. बांधकाम चालू असताना परांची लागते, भिंत उभी राहिली की उतरवतात. मोठ्या माणसानं नेमका तेवढाच आधार द्यायचा आणि काढत जायचं. पांगाऱ्याची उपमा मला जास्त आवडली, कारण परांची शेवटी एकदम उतरते आणि लाकडं एकेक करून कमी होतात.

जलतरंग

पोहण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. आम्ही मुलाला मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगितली होती. सैन्यातले मुष्टियोद्धे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर अधू झालं. पोहायला लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला सुवर्णपदक. मला वाटलं, आता हा टुणकन उडी मारेल. तो म्हणाला, "मला गोळी नाही ना लागणार?"

सहा वर्षांच्या मुलासाठी ती गोष्ट फार मोठी होती. दहाव्या वर्षी तीच गोष्ट त्यानं वर्गात उभं राहून सांगितली. लहानपणी त्याला उपयोगी पडली ती आजीची गोष्ट. आजी लग्नानंतर लूना शिकली, कमला नेहरू पार्कच्या मागच्या गल्लीत. ब्रेक कुठला ते विसरायची म्हणून पाय टेकवून थांबवायची, तीन चपला झिजल्या. ही गोष्ट त्यानं निदान पन्नास वेळा ऐकली असेल. दर वेळी चपलांपाशी थांबवून विचारायचा, "मग चौथी चप्पल झिजली?" आणि आजी म्हणायची, "चौथीच्या वेळी ब्रेक सापडला."

खांब_आणि_दोरी

मी मल्लखांब शिकवतो, २७ वर्षं झाली. वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

नवीन मूल आलं की पालकांना वाटतं आज खांबावर चढणार. आम्ही पहिले दिवस नुसती खांबाशी ओळख करून देतो. हात लावा, मिठी मारा, एरंडेलाचा वास घ्या. मग उतरायला शिकवतो. गादीवर कसं यायचं, गुडघे कसे सैल ठेवायचे. पडायचं कसं हे एकदा अंगात बसलं की चढायची भीती निम्मी होते. त्यानंतर सलामी, मग साधी अढी, तीही जमिनीपासून हातभर उंचीवर. वरच्या फरारे-ताजव्यासारख्या अवघड प्रकारांचं नावही काढत नाही.

आणि एक विनंती, माझ्याकडच्या सगळ्या पालकांना करतो तीच. बाकावर बसून "चढ, चढ, जमेल तुला" म्हणू नका. मूल खांबाकडे बघायचं सोडून आईकडे बघतं, आणि पकड नेमकी तेव्हा सुटते. मी पालकांना बाहेर बसवतो. काहींना वाईट वाटतं, पण महिन्याभरानं तेच सांगतात की घरी येऊन अर्धा तास खांबाबद्दल बोलत असते. बघणारं कोणी नव्हतं म्हणून सांगायला काहीतरी उरलं.

स्वाती_नक्षत्र

खांब_आणि_दोरी, गॅलरीतून न बघण्याचं कारण आज कळलं.

मुठाकाठ

थोडं विषयांतर, क्षमस्व. सिंहगडला सहा वर्षांचं मूल आतकरवाडीतून चढू शकतं का? आमचाही मुलगा त्याच वयाचा आहे.

टेकडीवाला

चढतं. मी दोन्ही पुतण्यांना सहाव्या वर्षी नेलंय. पहाटे पायथ्याला पोचा, ऊन चढायच्या आत वर. मोठा माणूस तासा-सव्वा तासात जातो, मुलांना दोन-अडीच तास धरा. पाण्याची बाटली त्यांच्या पाठीवर त्यांची. "अजून किती राहिलं" विचारलं की खरं सांगा. "हे काय आलंच" असं तीनदा खोटं सांगितलं की चौथ्यांदा मूल बसतं आणि उठत नाही. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही.

हडपसरचा_बाबा

"आलंच" बद्दल शंभर टक्के सहमत. आमची कन्या लिंबू सरबताच्या टपऱ्या मोजत चढली. परतताना आजीला फोनवर सांगितलं, "सिंहगड चार सरबतं उंच आहे."

वाळूचं_घड्याळ

मूळ विषयाकडे. आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांची टाकाऊतून केलेली खेळणी पाहिली होती, त्यातलं एक घरी करतो. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे. ट्यूबच्या तुकड्यात दोन्हीकडून काड्या खुपसल्या की सांधा तयार. काड्यांचा गूल आधी खरवडून टाकायचा. चौकोन केला की तो लचकतो, कसाही वाकतो. त्रिकोण केला की पक्का राहतो. हे मुलीला मी सांगितलं नव्हतं. तिचं घर पाच वेळा कोसळलं, सहाव्यांदा तिनं भिंतीत तिरकी काडी घातली आणि ओरडली. खर्च नाही, मोडलं तर कोणाचं नुकसान नाही, पुन्हा लावायला दोन मिनिटं. पडल्याची किंमत कमी असली की मुलं स्वतःहून परत लागतात, हा माझा अनुभव.

सारसबागेजवळचं गरवारे बालभवनही बघा. १९८५ पासून आहे, माझी भाची आणि आता मुलगी, दोघी तिथे खेळल्या.

चिमणीची_आई

तीन आठवड्यांनी येतेय. सगळे प्रतिसाद वाचले, काही नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवले. बाजीराव_रोड काका, तुमचा दुसरा प्रतिसाद सासूबाईंनी दोनदा वाचायला लावला.

पांगाऱ्याच्या तुकड्यांवरून मी एक केलं. एका सकाळी सव्वासहा ते सात दहा, मी तिच्यासाठी काय काय करते ते मोजलं. दात घासायला पेस्ट लावून दिली, कपडे घातले, बटणं लावली, वेणी, दूध तोंडाशी धरलं, डबा आणि बाटली दप्तरात, मोजे, बूट. ती हात वर करून उभी, बाहुलीसारखी. बटणं तिला येतात, बालवाडीत लावायची. मीच तिच्या हातातून काढून घेतली, व्हॅन चुकेल म्हणून. रोज सकाळी पंचावन्न मिनिटं मी तिला न बोलता सांगत होते की तुला नाही येणार, दे इकडे. मग ती दुपारी तेच वाक्य मला म्हणत होती.

हे लिहितानाही गळा भरून येतोय. आता सगळे वीस मिनिटं लवकर उठतो. पहिल्या आठवड्यात बटणं, दुसऱ्या आठवड्यात दप्तर, या आठवड्यात बूट. दोनदा व्हॅन थांबवावी लागली. व्हॅनकाकांना कारण सांगितलं, तर त्यांनी हॉर्न वाजवायचं बंद केलं. डावा-उजवा बूट अजून उलटा होतो. एक दिवस तशीच शाळेत गेली, दुपारी येऊन म्हणाली, "मधल्या सुट्टीत कळलं, मग मीच बदलले."

पाटी आणली, तुळशीबागेतूनच. पहिल्या दिवशी नऊ गोल काढले, मी ओट्याशी पाठ करून उभी होते. नवव्यानंतर हाक आली. मी "सुंदर" म्हणणार होते, थांबले आणि म्हटलं, "हा आधीच्यांपेक्षा मोठा आहे." तर म्हणाली, "हो, कारण मी हात उचललाच नाही."

पर्वतीला गेलो. टेकडीवाला, तुमचा आकडा मी तिला सांगितला नव्हता. वर पोचून म्हणाली ९७. खाली येताना मोजले तर १०१. पायथ्याशी उभी राहून विचार करत होती, मला वाटलं आता रडणार. म्हणाली, "एकदा कमी, एकदा जास्त. परत मोजू." आणि निघाली. मी मागून धावले. त्या खेपेला १०३ आले की नाही ते नका विचारू, मधे एक मांजर भेटलं.

तलावात अजून गेलेली नाही. कठड्यापासून पायरीपर्यंत आलीय. पाय पाण्यात सोडून बसते.

बाजीराव_रोड

पाय हलवते का?

चिमणीची_आई

हो काका. काल जोरात हलवले, शेजारच्या आजींची साडी भिजली.

बाजीराव_रोड

मग झालं. चार दिवस की चार महिने ते तिला ठरवू दे. आत उतरेल त्या दिवशी फक्त तुमच्यापैकी एक जण तिच्या आधी पाण्यात असा.

बालवाडीताई

"हात उचललाच नाही." हे वाक्य मी माझ्या वहीत उतरवून घेतलंय.

गुलबाक्षी

धागा वर काढतेय. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याचं असंच चाललंय, विशेषतः गणिताबाबत. उशीर झाला का?

हडपसरचा_बाबा

माझ्या पोळ्या बत्तिसाव्या वर्षी सुरू झाल्या. त्याच्यासोबत तुम्हाला न येणारं काहीतरी शिकायला घ्या, गणितच हवं असं नाही.

चिमणीची_आई

टेकडीवाला, एक प्रश्न आहे, माझा नाही. सिंहगडाला पायऱ्या किती?

टेकडीवाला

पायऱ्या थोड्या, पायवाट जास्त. मोजायचंच तर वळणं मोजा. मी कधी मोजली नाहीत.

चिमणीची_आई

सांगितलं. वळण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, असं विचारतेय.